कलम 1 सर्वांत शेवटी

लोकसभेत एखादे विधेयक कलमवार मंजुरीला आले की पीठासीन अधिकारी कलम 2 पासून सुरुवात करतात. कलम 2 विधेयकाचा भाग व्हावे, असा प्रश्न ते सभागृहापुढे ठेवतात. बाकांवरून ‘होय’ येते, कुठून तरी ‘नाही’ येते, आणि ते पुढच्या कलमाकडे वळतात. शेवटच्या कलमापर्यंत सगळी कलमे झाली, परिशिष्टे झाली, की मग कलम 1 पुकारले जाते. कायद्याचे नाव या कलमात असते. त्याच्यामागून अधिनियमनाचे ठरीव वाक्य, आणि अगदी शेवटी विधेयकाचे दीर्घ शीर्षक.

मी पहिल्यांदा प्रेक्षक सज्जात बसून हे ऐकले तेव्हा गोंधळले. कलम 1 कधी झाले ते आपल्याला ऐकूच आले नाही, असे वाटले. सज्जात बोलायला मनाई, आणि वही-पेनही बाहेर ठेवून आत गेलेली. दोन दिवसांनी कार्यपद्धतीचे नियम उघडले तेव्हा उलगडा झाला. मधल्या कलमांत सभागृह काय बदल करील हे आधी ठाऊक नसते. एखादे कलम गळेल, एखादे नवे येईल, व्याप्ती वाढेल. म्हणून नाव राखून ठेवायचे, आणि जे तयार झाले ते पाहून मग त्याला नाव द्यायचे. बारसे बाळ जन्मल्यावरच करतात. संविधान सभेनेही हाच क्रम पाळला. संविधानाची उद्देशिका चर्चेला आली ती 17 ऑक्टोबर 1949 रोजी, जवळजवळ सगळी कलमे हातावेगळी झाल्यावर.

प्रस्तावनाही पुस्तकात पहिली छापतात आणि शेवटी लिहितात. सगळी प्रकरणे छपाईला तयार झाल्यावर मी हे लिहिते आहे, आणि लिहिताना तो नियम पुन्हा पुन्हा आठवतो आहे. विधेयकाचा मजकूर सभागृहात बदलणार, हे संसदेच्या कार्यपद्धतीने गृहीत धरलेले आहे. मतदान हा शेवटचा क्षण. त्याआधी जो वेळ असतो, ज्यात मसुदा वाचला जातो, ज्यांच्यावर तो लागू होणार त्यांना विचारले जाते, शब्द खोडले जातात आणि घातले जातात, तो वेळ म्हणजे माझ्या लेखी संसद. तो वेळ आटत चालला आहे. हे पुस्तक त्या काळजीतून झाले आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. डिसेंबर 2004 मध्ये माहिती अधिकाराचे विधेयक लोकसभेत मांडले गेले. त्या मसुद्यात हा अधिकार फक्त केंद्र सरकारच्या कार्यालयांपुरता होता. तलाठी, तहसीलदार, जिल्हा परिषद, रेशन दुकानाचा साठा, ज्या गोष्टींसाठी सामान्य माणूस हेलपाटे घालतो त्यातले काहीच त्यात येत नव्हते. गोव्यात 1997 पासून आणि महाराष्ट्रात 2002 पासून राज्याचा स्वतंत्र कायदा होता, म्हणून आपल्याला निदान काही आधार होता. बहुतेक राज्यांत तोही नव्हता. विधेयक स्थायी समितीकडे गेले. राजस्थानात ब्यावर गावी 1996 मध्ये चाळीस दिवस धरणे धरणाऱ्या मजूर-शेतकऱ्यांच्या चळवळीतून जे शिकायला मिळाले होते, ते आता समितीच्या टेबलावर आले. राज्य सरकारेही या कायद्याखाली आणा, असे समितीने सुचवले. सरकारने शंभराहून अधिक दुरुस्त्या स्वतःच मांडल्या, मे 2005 मध्ये दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केले, आणि 12 ऑक्टोबर 2005 पासून कायदा पूर्णपणे लागू झाला. आज कुणी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तहसील कार्यालयात अर्ज देतो, तेव्हा तो ज्या कायद्याचे नाव लिहितो त्याच्या पहिल्या मसुद्यात ते कार्यालयच नव्हते.

आता हा पहिला मसुदा येतो कुठून? संसदेत तो लिहिला जात नाही, हे नवख्या वाचकाने आधी लक्षात घ्यावे. एखाद्या मंत्रालयाला कायद्याची गरज वाटते, अधिकारी टिपण तयार करतात, विधी मंत्रालयाचा विधायी विभाग त्याला कायद्याच्या भाषेत बसवतो, मंत्रिमंडळ मान्यता देते, आणि मग मंत्री विधेयक सादर करतात. मसुदा तीस दिवस लोकांसमोर ठेवून सूचना मागवाव्यात असे धोरण केंद्र सरकारने फेब्रुवारी 2014 मध्ये ठरवले. ते धोरण आहे, कायदा नाही, आणि अनेकदा पाळले जात नाही. सादरीकरण झाले की विधेयक समितीकडे जाऊ शकते, किंवा थेट विचारार्थ घेतले जाते. पुढे कलमवार मंजुरी, मग पूर्ण विधेयक मंजुरीला, मग दुसऱ्या सभागृहात तोच प्रवास, आणि शेवटी राष्ट्रपतींची संमती. संसद म्हणजे राष्ट्रपती, राज्यसभा आणि लोकसभा, असे अनुच्छेद 79 सांगतो. राष्ट्रपतींची सही हा त्या अर्थाने संसदेच्याच कामाचा भाग आहे. राष्ट्रपती विधेयक एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. किती दिवसांत निर्णय घ्यावा याला मात्र संविधानात मुदत नाही, आणि 1986 च्या टपाल दुरुस्ती विधेयकावर ग्यानी झैलसिंग यांनी सही केली नाही की ते परतही पाठवले नाही.

सही झाली, राजपत्रात छापले गेले, तरी कायदा लागू झाला असे नव्हे. बहुतेक कायद्यांच्या कलम 1 मध्येच एक छोटे वाक्य असते: केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवील त्या तारखेपासून हा कायदा अमलात येईल. दिल्ली भाडेनियंत्रण कायदा 1995 मध्ये संमत झाला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि ती तारीख कधी उजाडलीच नाही. कायदा लागू झाला तरी नियम यावे लागतात. नागरिकत्व दुरुस्ती कायदा डिसेंबर 2019 चा, त्याचे नियम मार्च 2024 चे. नियम संसदेच्या पटलावर ठेवले जातात, दोन्ही सभागृहांत त्यासाठी अधीनस्थ विधान समित्या आहेत, पण वर्तमानपत्रात त्यांच्याबद्दल एक ओळ क्वचित येते. नागरिकाच्या रोजच्या जगण्याला कायद्यापेक्षा नियमच जास्त भिडतात. म्हणून या पुस्तकात या दुर्लक्षित भागाला मी जाणून जास्त पाने दिली आहेत.

ही व्यवस्था एका दिवसात आली नाही. कायदे करण्यासाठी गव्हर्नर जनरलच्या मंडळात वेगळे सदस्य बसवण्याची सुरुवात 1853 च्या सनदी कायद्याने झाली, 1861 मध्ये त्यात नेमलेले भारतीय सदस्य आले, 1892 मध्ये अंदाजपत्रकावर बोलण्याची आणि प्रश्न विचारण्याची मर्यादित मुभा मिळाली, 1909 च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी सदस्यसंख्या वाढवली. या सनावळीवरून भरभर पुढे जाता येते. पण 1912 च्या मार्च महिन्यापाशी थांबावे लागते.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याआधीच्या वर्षी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले होते. मागणी बेताची होती. स्थानिक संस्थांना वाटले तर, सरकारची परवानगी घेऊन, आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करता यावे. मंडळात सरकारी सदस्यांचे बहुमत होते, त्यामुळे विधेयक मंजूर होणार नाही हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी प्रस्ताव मांडला तो विधेयक प्रवर समितीकडे पाठवण्याचा. बसून वाचू या, दुरुस्त करू या, एवढेच. दोन दिवस चर्चा झाली आणि 38 विरुद्ध 13 मतांनी तो प्रस्ताव फेटाळला गेला. त्या विधेयकाला सभागृहाने ‘नाही’ म्हटले ते वाचण्याआधीच. शिक्षण हा मूलभूत हक्क झाला तो 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने, आणि त्याचा कायदा आला 2009 मध्ये.

1919 च्या कायद्याने केंद्रात दोन सभागृहे आली आणि 1921 पासून मध्यवर्ती विधानसभा बसू लागली. विठ्ठलभाई पटेल 1925 मध्ये तिचे पहिले निवडून आलेले अध्यक्ष झाले. अध्यक्षाने सरकारचे ऐकायचे नसते, नियमाचे ऐकायचे असते, हे त्यांनी परक्या राजवटीत करून दाखवले. सार्वजनिक सुरक्षा विधेयक चर्चेला घेता येणार नाही असा निर्णय त्यांनी एप्रिल 1929 मध्ये दिला, तर व्हाइसरॉयने तेच अध्यादेश काढून लागू केले. अध्यादेशाची ही सवय स्वातंत्र्यानंतरही सुटली नाही. स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, मूळचे रत्नागिरीकडच्या घराण्यातले, अहमदाबादेत वकिली केलेले. अध्यादेश काढण्याच्या पद्धतीबद्दलची नापसंती त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्रांतून कळवली होती. दोघेही एकाच पक्षाचे, एकाच लढ्यातून आलेले, तरी अध्यक्ष म्हणून हे सांगणे त्यांना कर्तव्य वाटले.

अध्यादेशाच्या प्रश्नावरचे सर्वांत चिकाटीचे काम पुण्यात झाले. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डी. सी. वाधवा बिहारातल्या जमीनधारणेचा अभ्यास करत होते. राजपत्रांच्या फायली चाळताना त्यांच्या लक्षात आले की तोच अध्यादेश पुन्हा पुन्हा छापलेला दिसतो आहे. अध्यादेश अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत संपतो, विधिमंडळाने मान्य केला तरच कायदा होतो. बिहारात तो संपायच्या आत पुन्हा काढला जात होता, जसाच्या तसा. 1967 ते 1981 या काळातले असे 256 अध्यादेश त्यांनी शोधून काढले. काही तर तब्बल चौदा वर्षे जिवंत ठेवलेले होते. 1983 मध्ये त्यांनी यावर पुस्तक प्रसिद्ध केले, सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि डिसेंबर 1986 मध्ये न्यायालयाने ही पद्धत संविधानाशी केलेली फसवणूक ठरवली. प्रकरण राज्याच्या विधिमंडळाचे होते, तत्त्व संसदेलाही तेच लागू आहे. एका माणसाने राजपत्रे ओळीने वाचली, एवढ्यावरून हे घडले. या पुस्तकाच्या कामात कंटाळा आला की मी वाधवांच्या त्या फायली आठवत असे.

पहिली लोकसभा 13 मे 1952 रोजी बसली. तिच्या काळातली सर्वांत मोठी झुंज तिच्या स्थापनेआधीच सुरू झाली होती, ती हिंदू संहिता विधेयकाची. प्रवर समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मसुद्याला नवे रूप दिले, त्यात मुलीला मुलाच्या बरोबरीचा वाटा होता. विधेयक रेंगाळत ठेवले गेले आणि सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे 1955 आणि 1956 मध्ये तेच चार तुकड्यांत, चार कायदे म्हणून मंजूर झाले. मात्र वारसा कायद्यात वडिलोपार्जित संपत्तीतला जन्मसिद्ध हक्क मुलग्यांपुरताच राहिला. महाराष्ट्राने 1994 मध्ये आपल्यापुरती दुरुस्ती केली. देशाने ती 2005 मध्ये केली, आणि तेव्हाही शेतजमिनीच्या कूळहक्कांना वेगळे ठेवणारे जुने पोटकलम गाळले गेले ते विधेयक मांडल्यानंतर, बाहेरून अभ्यासकांनी आणि स्त्री-संघटनांनी नेट लावल्यावर. सातबाऱ्यावर बहिणीचे नाव लागते की नाही, याची गोष्ट या दुरुस्त्यांत दडलेली आहे. ज्यांना संसद दूरची वाटते त्यांना मी या एका विषयाचा मागोवा घ्यायला सांगते.

राज्यसभेबद्दलही असेच. ती नुसती उशीर करते अशी तक्रार नेहमी ऐकू येते. संस्थानिकांचे तनखे रद्द करणारी घटनादुरुस्ती 1970 मध्ये राज्यसभेत एका मताच्याही अंशाने पडली, हे खरे. पण पंचायत राजची पहिली घटनादुरुस्तीही 1989 मध्ये तिथेच अडली. तिच्यात केंद्राचा हात राज्यांच्या अंगणात फार लांबवर पोचतो, असा आक्षेप होता. ती नव्याने लिहिली गेली, बरेच काही राज्यांवर सोपवले गेले, आणि 73 वी घटनादुरुस्ती म्हणून 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली. ग्रामपंचायत सदस्यांच्या अभ्यासवर्गांत मी हे सांगते तेव्हा खुर्च्या पुढे सरकतात. आपले पद ज्या मजकुरातून आले तो एकदा नामंजूर होऊन पुन्हा लिहिलेला आहे, हे बहुतेकांना प्रथमच कळते. दोन्ही सभागृहांचे पटलेच नाही तर संयुक्त बैठकीची सोय आहे. ती आजवर तीनदाच वापरावी लागली, 1961 मध्ये हुंडाबंदीसाठी, मग 1978 आणि 2002 मध्ये.

दोन बदलांनी आजची संसद घडवली. 1985 च्या पक्षांतरबंदीने पक्षादेशाला कायद्याचे बळ दिले. सदस्याने पक्षाविरुद्ध मत दिले तर त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. सरकारे पाडण्याचा बाजार थांबावा हा हेतू रास्त होता. परंतु साध्या विधेयकावरही तोच नियम लागू झाला, आणि भाषण ऐकून सदस्याचे मत बदलण्याची वाट बंद झाली. बाजार थांबला का, याचे उत्तर महाराष्ट्राच्या वाचकाला 2022 नंतर कुणी सांगायची गरज उरलेली नाही. दुसरा बदल 1993 चा, मंत्रालयांशी जोडलेल्या स्थायी समित्यांचा. आधी सतरा होत्या, आता चोवीस आहेत. प्रत्येकीत लोकसभेचे एकवीस आणि राज्यसभेचे दहा सदस्य. बैठका बंद दाराआड, कॅमेरा नाही, पक्षादेश नाही. तज्ज्ञ येतात, संघटना येतात, अधिकारी प्रश्नांना उत्तरे देतात, न पटणारा सदस्य भिन्नमतपत्रिका जोडतो. कट्टर विरोधक तिथे एका वाक्यावर तासभर मन लावून बसतात. समितीचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो, तरी संसदेचे सर्वांत चांगले काम तिथे होते असे मला अभ्यासाअंती वाटते.

संसदेचा अभ्यास करणाऱ्यांच्याही परंपरा आहेत. सर्वांत जुनी कार्यपद्धतीची. ब्रिटनमध्ये अर्स्किन मे यांचा ग्रंथ 1844 मध्ये आला आणि अजून त्याच्या सुधारित आवृत्त्या निघतात. आपल्याकडे लोकसभेचे सचिव राहिलेले कौल आणि शकधर यांचा 1968 चा ग्रंथ त्या जागी आहे. या परंपरेला कोरडी म्हणतात. मधू लिमये यांची भाषणे वाचणारा तसे म्हणणार नाही. पुण्यात जन्मलेला आणि बिहारातल्या मुंगेर व बांका इथून निवडून गेलेला हा समाजवादी नियमांच्या पुस्तकावर पकड ठेवून सरकारला उत्तर द्यायला भाग पाडत असे. संख्या नसलेल्याला नियमच वाचवतात, हे त्यांनी दाखवून दिले.

दुसरी परंपरा संविधानाच्या अभ्यासकांची. तिचा गाभ्याचा प्रश्न आहे: संसद काय काय बदलू शकते? गोलकनाथ निकालाने 1967 मध्ये मूलभूत हक्कांना हात लावायला संसदेला मनाई केली, तेव्हा राजापूरचे खासदार नाथ पै यांनी तो अधिकार परत मिळवण्यासाठी खासगी विधेयक मांडले. लोकांनी निवडलेल्या सभागृहावर त्यांचा विश्वास होता. विधेयक मंजूर झाले नाही, पण त्यावरची चर्चा आजही वाचण्याजोगी आहे. 1973 च्या केशवानंद भारती निकालाने मधली वाट काढली: संसद दुरुस्ती करू शकते, संविधानाची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. तिसरी परंपरा संसदेकडे संस्था म्हणून पाहते. मॉरिस-जोन्स यांनी 1957 मध्ये तिची सुरुवात केली, बी. एल. शंकर आणि व्हॅलेरियन रॉड्रिग्ज यांच्या 2011 च्या ग्रंथात सदस्य कोणत्या समाजांतून आले आणि त्यामुळे सभागृह कसे पालटले याचा शोध आहे.

अलीकडे जोर आहे तो मोजणीचा. पीआरएस ही संशोधन संस्था 2005 पासून बैठका, तास, प्रश्न, हजेरी यांचे तपशील लोकांपुढे ठेवते. हे मोठे काम आहे, आणि त्याच्याशिवाय हे पुस्तक झाले नसते. पण त्या आकड्यांवरून वर्तमानपत्रे सभागृहाची ‘उत्पादकता’ टक्क्यांत छापतात ते मला पटत नाही. गोंधळात आवाजी मतदानाने दहा मिनिटांत तीन विधेयके मंजूर झाली, तर विधेयकांच्या गणतीत तो दिवस भरघोस दिसतो. गिरणीचे दळण वजनावर मोजतात. कायद्याचे तसे मोजता येत नाही. मजकुरात काय बदलले, कुणाच्या सांगण्यावरून, आणि काय बदलायचे राहिले, ते मोजणीतून निसटते.

तरीही काही आकडे पाहिलेच पाहिजेत. पहिल्या लोकसभेच्या 677 बैठका झाल्या, सतराव्या लोकसभेच्या 274. पंधराव्या लोकसभेत शंभरातली सुमारे 71 विधेयके समित्यांकडे गेली, सोळाव्या लोकसभेत पंचवीसच्या आसपास, सतराव्या लोकसभेत 16. त्या सतराव्या लोकसभेला पाच वर्षांत उपाध्यक्षच मिळाला नाही. तीन कृषी कायदे जून 2020 मध्ये अध्यादेश म्हणून आले, सप्टेंबरमध्ये समितीकडे न जाता मंजूर झाले. राज्यसभेत मतविभागणीची मागणी होत असताना आवाजी मतदान घेतले गेले. वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसले आणि 29 नोव्हेंबर 2021 रोजी ते कायदे रद्द करणारे विधेयक मंजूर झाले, तेही चर्चेविना. त्या कायद्यांच्या बाजूने बोलण्याजोगे होते, विरुद्ध बोलण्याजोगेही होते. ते सारे समितीत बोलले गेले असते, तर रस्त्यावर इतके हिवाळी दिवस काढावे लागले असते का, हा प्रश्न मला सोडत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचे विधेयक 20 तारखेला लोकसभेत मांडले आणि मंजूर झाले, 21 ला राज्यसभेत, 22 ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळण्याच्या नादात घरे उद्ध्वस्त होतात, तेव्हा कायदा हवाच होता. पण त्या तीन दिवसांत तो वाचला कुणी?

घाई हा सगळ्याच पक्षांचा दोष आहे, आणि उशीर हाही. लोकपाल विधेयक प्रथम 1968 मध्ये मांडले गेले आणि दोन्ही सभागृहांत मंजूर झाले ते 2013 मध्ये. महिला आरक्षण 1996 पासून ताटकळले. 19 सप्टेंबर 2023 रोजी नव्या संसद भवनात सभागृहे पहिल्यांदा बसली त्याच दिवशी ते मांडले गेले आणि दोन दिवसांत दोन्हीकडे मंजूर झाले, मात्र त्याची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेशी जोडलेली आहे. तीच फेररचना आता पुढ्यात आहे. राज्यांच्या लोकसभा जागांची वाटणी 1971 च्या जनगणनेवर गोठलेली आहे. महाराष्ट्राच्या 48 आणि गोव्याच्या 2 जागा त्याच हिशेबातल्या. नव्या लोकसभेत 888 सदस्य बसू शकतील एवढी आसने बांधून तयार आहेत. सभागृह वाढेल तसा एकेका सदस्याच्या वाट्याचा बोलण्याचा वेळ आणखी कमी होईल, आणि समित्यांची गरज तेवढीच वाढेल. हे पुस्तक आताच का, याचे माझ्याकडचे उत्तर हे आहे.

या पुस्तकाची रीत साधी आहे. निवडक कायद्यांचा मांडलेला मसुदा आणि राजपत्रात छापलेला मजकूर शेजारी-शेजारी ठेवायचा, आणि दोहोंतला फरक कुठून आला ते शोधायचे: समितीचा अहवाल, सभागृहातले भाषण, बाहेरचे आंदोलन, मंत्रालयातले टिपण. निवडणुका, आघाड्या, नेत्यांची चरित्रे यांना इथे जागा नाही; त्यांवर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. अंदाजपत्रकाला मात्र स्वतंत्र भाग दिला आहे, कारण 2018 मध्ये सगळ्याच मंत्रालयांच्या मागण्या लोकसभेत चर्चेविना मंजूर झाल्या, आणि पैशावरची देखरेख हे संसदेचे कायदे करण्याइतकेच जुने काम आहे. प्रश्नोत्तराच्या तासालाही तसाच.

भाषेबद्दल थोडे. अनुच्छेद 348 प्रमाणे संसदेच्या कायद्यांची अधिकृत संहिता इंग्रजीत असते. केंद्रीय कायद्यांचे प्रादेशिक भाषांतले अनुवाद अधिकृत मानण्याची सोय 1973 च्या कायद्याने झाली, पण मराठी मजकूर हाती येतो तो बऱ्याच उशिराने, दुरुस्तीची वेळ निघून गेल्यावर. म्हणून विधेयकांचे उतारे मी स्वतः मराठीत केले आहेत. परंतुक, पोटकलम, पटलावर ठेवणे, मतविभागणी हे शब्द तसेच ठेवले, कारण वाचकाला पुढे खरी विधेयके वाचायची आहेत आणि तिथे हेच शब्द भेटणार आहेत. व्हिपला व्हिप म्हटले आहे आणि पक्षादेशही, कारण बातम्यांत दोन्ही चालतात.

विधेयक कधी वाचले नसेल तर ते शेवटच्या पानांपासून वाचायला घ्यावे. तिथे उद्देश व कारणांचे निवेदन असते, त्यात सरकार स्वतःच्या शब्दांत गरज सांगते. सरकारी तिजोरीवर खर्च पडणार असेल तर वित्तीय निवेदन असते. आणि प्रत्यायोजित विधिविधानाचे निवेदन, ज्यात कोणत्या कलमांखाली कोणते नियम करण्याचा अधिकार सरकार आपल्याकडे घेते आहे ते ओळीने दिलेले असते. एका अभ्यासवर्गात एका सरपंचबाईंनी ते पान वाचून पेन्सिलीने सात ठिकाणी खुणा केल्या आणि विचारले, की यातले ग्रामपंचायतीला विचारून किती ठरणार? आम्ही सगळ्यांनी मिळून पुन्हा पहिल्या पानापासून ते विधेयक वाचले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या कागदावर चार दुरुस्त्या लिहून झाल्या होत्या, कलम आणि ओळीचा क्रमांक देऊन, नियमात सांगितल्याप्रमाणे.

त्यावरून पुस्तकाच्या शेवटी एक विधेयक पूर्णच्या पूर्ण छापायचे ठरवले, मांडले गेले तेव्हा होते तसे. त्या पानांचा समास प्रकाशकांना सांगून रुंद ठेवून घेतला आहे.